पन्नास रुपयांची पेन्शन

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे नाव महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे, पण ते बहुधा दुसऱ्या एका नावाच्या आधी येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील एवढीच त्यांची ओळख आपण शाळेत शिकलो. परीक्षेत तेवढ्याला एक गुण मिळतो आणि आपण पुढे जातो. मला मात्र गेले वर्षभर हा माणूस स्वतंत्रपणे पाहावासा वाटत होता. आमच्या घरी सैन्यातली पेन्शन येते. आजोबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला त्यांच्याबरोबर मी बँकेत जाते. तिथल्या रांगेत सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची माणसे भेटतात. पलटणीतून परत आलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा प्रश्न मला त्या रांगेत पडला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी शंभर-सव्वाशे वर्षे मागे, रामजींपर्यंत गेले.

सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले, मंडणगडजवळचे आंबडवे. रामजींचे वडील मालोजी हेही सैन्यातच होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार जातीचे लोक पहिल्यापासून मोठ्या संख्येने होते. भीमा कोरेगावच्या १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर त्यांची नावे कोरलेली आहेत. गावात ज्याच्या सावलीचा विटाळ मानत, त्याच्या हातात कंपनीने बंदूक दिली, अंगावर गणवेश घातला आणि महिन्याच्या महिन्याला रोख पगार दिला. गावकीच्या बलुत्याला हात पसरणे आणि पगार मोजून घेणे यांत केवढा फरक आहे, हे ज्याने दोन्ही केले त्यालाच कळावे.

पण पगारापेक्षाही मोठी गोष्ट होती ती छावणीतली शाळा. सैनिकांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. रामजी त्याच शिक्षणातून वर आले. पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले, लष्करी शाळेत मास्तर झाले, पुढे चौदा वर्षे मुख्याध्यापक राहिले आणि सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. आपल्याकडे सुभेदार म्हटले की मिशा आणि तलवार डोळ्यांसमोर येते. हा सुभेदार मात्र खडू-फळ्याचा होता. त्यांचे मराठी पक्के होते, इंग्रजी चांगले होते, गणित उत्तम होते. घराणे कबीरपंथी. दारूला स्पर्श नाही, पहाटे उठून भजन, संध्याकाळी मुलांना समोर बसवून रामायण-महाभारताचे वाचन. महात्मा फुल्यांविषयी त्यांना मोठा आदर होता.

पत्नी भीमाबाई ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडकरांच्या. ते घराणेही लष्करी आणि रामजींपेक्षा सुखवस्तू. भीमाबाईंचे वडील आणि चुलते सुभेदार-मेजर. मुलगी गरिबाघरी पडते म्हणून माहेरी सुरुवातीला नाराजी होती. या दांपत्याला चौदा अपत्ये झाली, जगली पाच: बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि सर्वांत धाकटा भीमराव. भीमरावाचा जन्म महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ चा. त्यानंतर दोन-तीन वर्षांत पलटणीची नोकरी संपली. रामजी निवृत्त झाले आणि त्यांना महिना पन्नास रुपये पेन्शन सुरू झाली.

इथून पुढचे रामजी मला खरे ओळखीचे वाटतात. सैनिकाच्या चरित्रात आपण लढाई शोधतो. रामजींची लढाई निवृत्तीनंतर सुरू झाली, तीही पन्नास रुपयांच्या दारूगोळ्यावर.

पहिला मुक्काम दापोली. तिथे एके काळी लष्करी तळ होता, म्हणून जुनी माणसे अजून कॅम्प दापोली म्हणतात. पेन्शन घेतलेले अनेक महार सैनिक तिथे घरे करून राहत होते. त्यांतलेच एक गोपाळबाबा वलंगकर. हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली आणि अनार्य दोषपरिहारक मंडळी नावाची संस्था उभी केली. पेन्शनरांची वस्ती म्हणजे ओट्यावर बसून जुन्या मोहिमा सांगणाऱ्यांचा मेळा, अशी आपली समजूत असते. दापोलीला तसे नव्हते. वाचता-लिहिता येणारी, जग पाहिलेली आणि महिन्याचे पैसे कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसलेली ही माणसे होती. गावच्या पाटलाला ती घाबरत नव्हती, कारण त्यांचे पोट त्याच्या हातात नव्हते. महाराष्ट्रातल्या अस्पृश्यांच्या चळवळीचा आरंभ पेन्शनरांच्या वस्तीत झाला याचे मला पूर्वी नवल वाटे, आता वाटत नाही.

आणि नेमक्या याच सुमारास त्यांच्यामागे दार बंद झाले. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी विभागणी सरकारने मनाशी ठरवली होती. लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ या काळात सरसेनापती होते. त्यांचा या सिद्धान्तावर मोठा विश्वास. १८९२-९३ च्या सुमारास महारांची सैन्यभरती थांबवली गेली. म्हणजे मालोजी सैनिक, रामजी सुभेदार, पण रामजींच्या मुलांना पलटणीत जागा नाही. पगार गेला, त्याबरोबर छावणीतली शाळाही गेली आणि पुढच्या पिढीची पेन्शनही गेली. एका हुकुमाने एका समाजाचा वर जाण्याचा जिनाच काढून घेतला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याविरुद्ध अर्ज करण्याच्या खटपटीत रामजी होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याकडे जाऊन त्यांनी अर्जाचा मसुदा करून घेतला असे चरित्रकार सांगतात. वलंगकरांनीही १८९४ साली असाच एक अर्ज तयार केला होता. पलटणीत आपल्या लोकांनी केलेल्या कामगिरीचे दाखले देऊन भरती पुन्हा उघडा अशी ही मागणी. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली थेट भारतमंत्र्यांपर्यंत हीच मागणी नेली. हे सगळे अर्ज आज वाचताना एक गोष्ट लक्षात येते: दयेची भाषा त्यांत आहे, त्या काळच्या अर्जांत ती असायचीच, पण तिच्याखाली हक्काचा सूर आहे. आम्ही सेवा केली, आता तिचे मोल द्या, असा. आजकाल पेन्शनवाल्यांना सरसकट लाभार्थी म्हणायची पद्धत पडली आहे. मला हा शब्द आवडत नाही. पेन्शन हा मागे राहिलेला पगार असतो, एवढे रामजींच्या पिढीला नीट समजत होते.

पन्नास रुपयांत सात-आठ माणसांचे घर आणि मुलांचे शिक्षण भागेना. दापोलीला कायमचे राहण्याचा बेत सोडून रामजी मुंबईला आले आणि पुन्हा नोकरी शोधू लागले. कुठेही सैनिक कल्याणाचे कार्यालय नव्हते, नाव नोंदवायला जागा नव्हती. ओळखीपाळखीने, अर्जविनंत्यांनी त्यांना सातारला लष्करी इमारतींच्या कामावर स्टोअरकीपरची जागा मिळाली आणि बिऱ्हाड सातारला गेले. तिथे थोड्याच दिवसांत भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच-सहा वर्षांचा. रामजींची बहीण मीराबाई, पाठीला कुबड असलेली, तिने ही पोरकी मुले सांभाळली. पुढे रामजींनी जिजाबाई नावाच्या विधवेशी दुसरे लग्न केले. धाकट्या मुलाला ते आवडले नाही. आईचे दागिने तिच्या अंगावर पाहवत नसत.

छावणीत असताना न जाणवलेली गोष्ट सातारला रोज जाणवू लागली. हातात पैसे होते, पण न्हावी महाराच्या मुलाचे केस कापत नसे. ते काम थोरली बहीण ओट्यावर बसून करी. शाळेत मुलगा घरून आणलेल्या तरटावर वेगळा बसे, आणि तहान लागली तर शिपायाने नळ सोडीपर्यंत थांबे. शिपाई नसला की पाणी नाही.

१९०१ चा तो प्रवास तर सर्वांनी वाचलेला आहे. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकार खटाव तालुक्यात गोरेगावला तलाव बांधत होते आणि रामजी तिथे खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावले. मुलांना नवे इंग्रजी धाटणीचे सदरे, चमचमत्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे शिवून-घेऊन झाली. हा सगळा थाट पित्याच्या कमाईचा. मुले मसूर स्टेशनावर उतरली. येणार असल्याचे पत्र रामजींच्या हाताखालच्या माणसाच्या विसरभोळेपणामुळे त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. मुलांचे कपडे पाहून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, जात ऐकली आणि पाच पावले मागे सरला. गाडीवाले दुप्पट भाडे देऊनही तयार होईनात. शेवटी एकजण तयार झाला तो या अटीवर की गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. बरोबर खायला भरपूर होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. भूक असून अन्न तसेच परत बांधावे लागले.

ही गोष्ट आपण नेहमी मुलाच्या बाजूने वाचतो. मी ती एकदा रामजींच्या बाजूने वाचून पाहिली. पोरे सुखरूप पोचली म्हणून आनंद झाला असेल. पण त्याच वेळी त्यांना हिशेबही कळला असेल. सरकारची इतक्या वर्षांची चाकरी, हुद्दा, पेन्शन, वर चालू नोकरीचा पगार, मुलांच्या अंगावर रेशीमकाठ, आणि एवढे सगळे मोजून टाकूनही एक तांब्या पाणी विकत मिळत नाही. पेन्शन काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याची सीमा त्या रात्री मसूर ते गोरेगाव या रस्त्यावर आखली गेली.

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर असे नाव पटावर पडले होते. २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आपल्या महाविद्यालयातही त्या दिवशी भाषणे होतात. मुलाचे नाव शाळेत घालून त्याचे शिक्षण निभावणारा बाप त्या भाषणांत क्वचित येतो.

१९०४ साली कुटुंब मुंबईला आले. परळच्या डबक चाळीत एक खोली. आता पेन्शन हाच आधार. त्या खोलीचे वर्णन चरित्रांतून वाचले की अंगावर काटा येतो: सगळा संसार, धूर, भांडीकुंडी, उशाशी जाते, पायथ्याशी बांधलेली शेळी, मिणमिणता दिवा. दोघांना एका वेळी नीट झोपायला आणि एकाला अभ्यासाला जागा नाही. यावर रामजींनी लष्करी तोडगा काढला. पहारा बदलतात तशी झोप वाटून घेतली. मुलाने लवकर झोपायचे, बापाने दोन वाजेपर्यंत जागायचे. दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवायचे आणि मग आपण आडवे व्हायचे. साठीच्या आसपासचा माणूस वर्षानुवर्षे असा पहारा देत होता. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांच्या भाषांतरमाला त्यांनी मुलाकडून स्वतः घोटून घेतल्या होत्या. चौदा वर्षांचा हेडमास्तर निवृत्त झाला होता, पण वर्ग चालू होता. विद्यार्थी आता एकच होता.

मुलाला पुस्तकांचे वेड. पाठ्यपुस्तके सोडून इतर पुस्तके त्याला हवी असत, आणि महिना संपायच्या आत पन्नास रुपये संपलेले असत. मग रामजी उठून धाकट्या मुलीच्या सासरी जात. तिच्याकडे जमले नाही तर थोरलीकडे. लग्नात दिलेला एखादा दागिना मागून घेत, मारवाड्याकडे गहाण टाकत, पुस्तक आणून मुलाच्या हातात देत आणि पेन्शन झाली की दागिना सोडवून मुलीला परत करत. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. माझ्या मते रामजींच्या साऱ्या चरित्रात याहून मोठा प्रसंग नाही. लेकीच्या दारात दागिना मागायला जाणे सुभेदाराला सोपे गेले असेल का? पण ते जाऊ शकत होते, कारण पहिल्या तारखेची त्यांना खात्री होती. नियमित येणाऱ्या रकमेचे खरे बळ तिच्या आकड्यात नसते, ती येणारच या भरवशात असते. आमच्या गल्लीत एका सैनिकाच्या विधवेची पेन्शन कागदावरच्या नावात एका अक्षराचा फरक निघाला म्हणून कित्येक महिने अडली होती. पेन्शन पुढे मिळाली, थकबाकीही मिळाली. पण मधल्या काळात तिच्या मुलीचे कॉलेज सुटले ते सुटलेच. रामजींची पहिली तारीख अशी चुकली असती तर दागिना मारवाड्याकडेच राहिला असता.

सगळ्या मुलांना शिकवणे मात्र शक्य नव्हते. आनंदरावाचे शिक्षण थांबवून त्याला नोकरीला लावले आणि भीमरावाचे चालू ठेवले. हा निवाडा बापाला करावा लागला. आनंदरावाचे नाव आपण कधी घेत नाही, पण या गोष्टीत त्याचाही वाटा आहे. भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाला. सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली त्याचा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. एल्फिन्स्टन कॉलेजात नाव घातले, पण इथे पन्नास रुपयांची धाव संपली. रामजींना खर्च झेपेना. केळुसकर मास्तर मुलाला सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. इंग्रज सरकारची पेन्शन जिथे थांबली तिथून बडोदे संस्थानाने भार घेतला असे म्हणायचे.

बी. ए. झाल्यावर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या फौजेत लेफ्टनंट म्हणून रुजू झाला. ज्या घराला इंग्रज पलटणीचे दार बंद होते त्या घरातला मुलगा एका संस्थानच्या फौजेत अधिकारी झाला. रामजींना खरे तर ही नोकरी नको होती. तिकडे जातीचा जाच होईल हे त्यांनी ओळखले होते आणि मुलाने मुंबईतच राहावे असा त्यांचा आग्रह होता. मुलाने ऐकले नाही. पंधरा-एक दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर तो सुरतेला वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरला आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी मुंबईला पोचला तेव्हा रामजींची नजर त्यालाच शोधत होती. मुलाच्या पाठीवरून थकलेला हात फिरला आणि २ फेब्रुवारी १९१३ रोजी हा सुभेदार गेला. पेन्शनही त्या दिवसापासून थांबली.

सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या प्रश्नांसाठी सरकारने सोल्जर्स बोर्ड नेमले ते १९१९ साली, पहिले महायुद्ध संपल्यावर. आजचे केंद्रीय सैनिक बोर्ड आणि आपल्या सोलापूरसारख्या जिल्ह्यातले जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय यांचा उगम तिथला. पेन्शनर गेल्यावर त्याच्या बायकोला मिळणारी कुटुंब पेन्शन १९६४ साली आली, आणि निवृत्त सैनिकांच्या औषधपाण्यासाठी ई.सी.एच.एस. २००३ साली. आजोबांच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना यांतली प्रत्येक गोष्ट पाठ असते. जिजाबाईंच्या वाट्याला यांतले काहीही आले नाही.

भरतीच्या बंदीचे काय झाले? महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारला महार पुन्हा आठवले. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१ साली मोडलीही गेली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली, ती आजवर आहे. रामजींच्या अर्जाला उत्तर यायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. त्या वर्षी त्यांचा मुलगा सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर होता.

मधल्या काळात सोलापूरलाही एक गोष्ट घडली होती. भीमराव आता बॅरिस्टर होऊन परतला होता. १९२४ मध्ये त्याने स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने ४ जानेवारी १९२५ पासून आपल्या शहरात हायस्कुलात शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह चालवले. सोलापूरच्या नगरपालिकेने त्याला अनुदान दिले. छावणी बंद झाल्यावर तिच्यातली शाळा दुसरीकडे उघडावी, तसे हे मला वाटते. इथे राहायला बाप पलटणीत असायची गरज नव्हती.

१९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. दुसरे महायुद्ध संपत आले तसा प्रश्न उभा राहिला की लाखो सैनिक घरी परततील, त्यांनी करायचे काय? जुलै १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय सुरू झाले आणि त्याच्यामार्फत रोजगार विनिमय केंद्रे उघडली. ब्रह्मदेशातून, आफ्रिकेतून, इटलीतून परतलेल्या शिपायाने तिथे जायचे, आपले नाव लिहायचे, काय काम येते ते सांगायचे; जागा असेल तर कचेरी चिठ्ठी देणार. दापोली, मुंबई, सातारा अशी नोकरीसाठी वणवण केलेल्या एका निवृत्त सुभेदाराचा धाकटा मुलगा त्या खात्याच्या कागदांवर सही करत होता.